लिलावातील वर्णनाची भाषा : उघड्या टपाच्या एका जुन्या मोटारीचे उदाहरण

मराठीतील 'लिलाव' हा शब्द पोर्तुगीज 'लेइलांव' या शब्दावरून आलेला आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांना परिचित आहे. हिंदीत त्याचेच 'नीलाम' झाले. दोन लकारांपैकी पहिल्याचा नकार व्हावा हा विषमीकरणाचा नेहमीचा प्रकार होय. तमिळमध्ये 'एलम्' आणि मलयाळममध्ये 'लेलम्' ही रूपे आढळतात. खुद्द पोर्तुगीज शब्दाचे मूळ अरबीत सांगितले जाते, आणि 'जाणणे', 'कळविणे' या अर्थाच्या ज्या अरबी धातूशी त्याचा संबंध जोडला जातो, त्याच धातूपासून 'इल्म' व मराठीत रुळलेला 'मालूम' हे शब्द निघालेले आहेत. इंग्रजी 'ऑक्शन' मात्र 'वाढविणे' या अर्थाच्या लॅटिन धातूवरून सिद्ध झाला आहे. म्हणजे एकाच व्यवहाराच्या दोन नावांपैकी एका नावात किंमत चढण्याची कल्पना आहे, तर दुसऱ्यात माहिती जाहीर करण्याची. व्युत्पत्तीवरून वस्तूचे स्वरूप सिद्ध करू पाहणे धोक्याचे असते, हे खरे. तथापि जेथे विकावयाचा माल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर नसतो, अशा लिलावात माहिती जाहीर करणे हेच किंमत चढण्याचे मुख्य कारण ठरते. संगणकाच्या जाळ्यावर होणारे जुन्या मोटारींचे लिलाव हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. त्या लिलावांतील वर्णनाची भाषा कशी चालते आणि तिच्यावर किती भार पडतो, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

१९९५ च्या सप्टेंबर महिन्यात पिएर ओमिद्यार यांनी अमेरिकेत 'ऑक्शनवेब' नावाचा जो उपक्रम सुरू केला आणि ज्याचे पुढे 'ईबे' झाले, त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून एका मोडक्या लेसर दर्शकाचा उल्लेख करण्यात येतो. तो १४ डॉलर ८३ सेंटला गेला. वस्तू मोडकी आहे हे ठाऊक आहे ना, असे ओमिद्यार यांनी विचारले, तेव्हा आपण मोडके लेसर दर्शकच जमवितो, असे उत्तर गिऱ्हाइकाने दिले. ही हकीकत गमतीची म्हणून सांगितली जाते. तिच्यातील भाषिक मुद्दा असा की, 'मोडका' हे विशेषण खरे होते आणि ते लपविलेले नव्हते, म्हणूनच वस्तू जिला किंमत देईल अशा माणसापर्यंत पोहोचली.

मोटारींच्या बाबतीत हा व्यवहार पुढे फार विस्तारला. 'ब्रिंग अ ट्रेलर' ही अमेरिकन संस्था २००७ साली निघाली ती इतरत्र विक्रीस आलेल्या चांगल्या जुन्या मोटारी निवडून वाचकांपुढे ठेवण्यासाठी. २०१४ पासून ती स्वतः लिलाव करू लागली आणि २०२० साली हर्स्ट या प्रकाशनसंस्थेने ती विकत घेतली. अशा लिलावात बोली सामान्यतः सात दिवस चालते. बोली लावणारा बहुधा शेकडो मैलांवर असतो. तो त्या मोटारीत बसलेला नसतो आणि तिच्या यंत्राचा आवाज त्याने फक्त ध्वनिमुद्रणात ऐकलेला असतो. आपल्याकडे बैलबाजारात गिऱ्हाईक बैलाचे दात पाहते, त्याला चालवून पाहते, पाठीवर थाप मारून पाहते. येथे हातात येतात ती छायाचित्रे आणि शब्द. एखादा जाणकार पाहणीसाठी पाठविता येतो, परंतु सगळेच काही पाठवीत नाहीत.

उदाहरणासाठी जी मोटार घ्यावयाची, तिच्या जातिवाचक नावापासूनच अडचण सुरू होते. जिचे छप्पर हवे तेव्हा उघडता व मिटता येते अशा मोटारीला अमेरिकन इंग्रजीत 'कन्व्हर्टिबल', म्हणजे रूप पालटणारी, असे म्हणतात. ब्रिटिश इंग्रजीत तिला पूर्वी 'ड्रॉपहेड' म्हणत. फ्रेंच 'काब्रिओले' हा शब्द मोटारीपेक्षा जुना. तो हलक्या दुचाकी घोडागाडीचे नाव होता, आणि ती गाडी रस्त्यावर उड्या मारीत जाई म्हणून बोकडाच्या उडीवरून तिला ते नाव पडले. त्याचाच आद्य तुकडा म्हणजे 'कॅब'. 'टॅक्सी' हा 'टॅक्सीमीटर कॅब्रिओले' या जोडनावाचा पहिला तुकडा होय; मुंबईने हा पहिला तुकडा राखला, आणि दुसरा अलीकडे पुन्हा आत घेतला. मराठीत या मोटारीला एकच रूढ शब्द नाही. परंतु घोडागाडीच्या आच्छादनाला 'टप' हा शब्द होताच, तेव्हा 'उघड्या टपाची मोटार' असे म्हणावयास हरकत नाही.

या जातीची मर्सिडीझ-बेंझ ५६० एसएल ही मोटार अशा लिलावांत वारंवार येते. १०७ या क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेचे उत्पादन १९७१ ते १९८९ असे चालले आणि एकूण २,३७,२८७ मोटारी तयार झाल्या. त्यांपैकी ५६० हा प्रकार शेवटच्या चार वर्षांतला. त्यात साडेपाच लिटरचे आठ सिलिंडरांचे यंत्र होते आणि तो प्रामुख्याने अमेरिका, जपान व ऑस्ट्रेलिया येथील बाजारांसाठी होता. 'एसएल' ही अक्षरे कशाची, यावर कित्येक वर्षे वाद होता. 'स्पोर्ट लाइश्ट' की 'झुपर लाइश्ट'? २०१७ साली कारखान्याच्या दप्तरांतून दुसरा पक्ष खरा असल्याचे सांगण्यात आले. 'अतिशय हलकी' असा त्याचा अर्थ. १०७ मालिकेच्या जाडजूड बांधणीमुळे तिला 'पँत्सरवागन', म्हणजे चिलखती गाडी, असे टोपणनाव पडले होते हे लक्षात घेतले, म्हणजे नाव आणि नामधारी यांचा संबंध किती सैल असू शकतो ते दिसते. तिचा कापडी टप हाताने घडी करून आसनांमागील धातूच्या झाकणाखाली ठेवावा लागतो. शिवाय धातूचे एक वेगळे छप्पर बरोबर येते, ते चढविण्या-उतरविण्यास दोन माणसे लागतात.

आता अशी कल्पना करावी की, एका अमेरिकन गृहस्थाने १९८७ सालची ५६० एसएल १९९९ साली दुसऱ्या हाताने घेतली, वीस-बावीस वर्षे जिवापाड सांभाळली आणि त्याच्या पश्चात त्याच्या कन्येने ती लिलावात काढली. वडिलांची मोटार म्हणजे तिच्या दृष्टीने निव्वळ वस्तू नाही. तरीही तिला तिचे वर्णन परक्या माणसांसाठी लिहावयाचे आहे. काय लिहावे? उत्तम वर्णन लिहिण्यास काय हरकत, असे कोणास वाटेल. अडचण अशी की, वाईट मोटारीचा धनीही उत्तमच वर्णन लिहितो.

या अडचणीचे आर्थिक रूप जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० सालच्या आपल्या सुप्रसिद्ध निबंधात दाखविले; २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले, त्यामागे या निबंधाचा मोठा वाटा होता. निबंधाचा विषय जुन्या मोटारींचा बाजार हाच आहे. विक्रेत्याला मोटारीची खरी स्थिती ठाऊक, गिऱ्हाइकाला ठाऊक नाही. म्हणून गिऱ्हाईक सरासरी स्थिती धरून किंमत देते. ती किंमत चांगल्या मोटारीच्या धन्याला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. तो गेला की सरासरी आणखी खालावते, आणि तिच्याबरोबर किंमतही. शेवटी बाजारात रद्दी तेवढी उरते. भाषेच्या अभ्यासकाने या निबंधाकडे वेगळ्या बाजूने पाहावे. ज्या बाजारात 'मोटार उत्तम आहे' हे वाक्य खरे बोलणारा आणि खोटे बोलणारा दोघेही सारख्याच सहजतेने उच्चारू शकतात, तेथे त्या वाक्याचा अर्थ कोशात जसाच्या तसा राहतो, पण त्याचे माहितीमूल्य शून्यावर येते. वरील कन्येच्या दृष्टीने हा तात्त्विक प्रश्न नाही. तिच्या वडिलांनी वीस वर्षे केलेल्या जपणुकीची किंमत येणार की नाही, हे तिचे वाक्य निष्प्रभ ठरते की नाही यावर अवलंबून आहे.

विशेषणांची झीज हे या क्षेत्रातील सर्वांत ठळक दृश्य आहे. 'मिंट' म्हणजे टांकसाळ. टांकसाळीतून निघालेल्या नाण्यासारखी ती 'मिंट' स्थितीतील मोटार. नाणेसंग्राहकांच्या परिभाषेत या शब्दाला काटेकोर अर्थ होता, मोटारींच्या जाहिरातीत त्याचा अर्थ 'धुऊन पुसलेली' इतका पातळ झाला. मराठी 'कोरा करकरीत' ची गतही फारशी निराळी नाही. 'ओरिजिनल' या शब्दाने थोडा टिकाव धरला आहे, कारण त्याचा पडताळा घेता येतो. या मोटारींबरोबर कारखान्याची एक माहितीपत्रिका येत असे. तिच्यावर रंगाचा अंक, आसनांच्या कातड्याचा अंक आणि यंत्राचा क्रमांक नोंदलेला असतो. मोटारीच्या अंगावरील पट्टीवर १७ चिन्हांचा ओळखक्रमांक असतो, त्यातील दहावे चिन्ह अमेरिकन बाजारातील मोटारीचे नमुनावर्ष सांगते; १९८७ साठी ते 'एच' आहे. या क्रमांकात रोमन वर्णमालेतील आय, ओ आणि क्यू ही अक्षरे योजलेली नाहीत. एक व शून्य या अंकांशी त्यांचा घोटाळा होऊ नये, हे त्याचे कारण. लेखनचिन्हांतील संदिग्धता जाणूनबुजून काढून टाकल्याचे इतके स्वच्छ उदाहरण नैसर्गिक लिपींत क्वचितच सापडेल.

प्रशंसा आणि विधान यांतील भेद भारतीय परंपरेला नवा नाही. मीमांसकांनी वेदवाक्यांचा विचार करताना विधी आणि अर्थवाद असे भेद केले. अर्थवाद म्हणजे स्तुती अथवा निंदा करणारे वाक्य. त्याला स्वतंत्रपणे प्रमाण मानावयाचे नसून ज्या विधीला ते जोडलेले असेल त्याच्याकडे प्रवृत्त करणे एवढेच त्याचे कार्य. अमेरिकन कायद्याने अगदी भिन्न प्रयोजनासाठी जवळजवळ याच जागी रेघ मारली आहे. बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या एकरूप व्यापारी संहितेच्या २-३१३ व्या कलमानुसार, मालाविषयी विक्रेत्याने केलेले वस्तुस्थितीचे विधान किंवा मालाचे वर्णन सौद्याच्या आधाराचा भाग झाले, की ती हमी ठरते. 'हमी' हा शब्द उच्चारण्याची गरज नाही, आणि हमी देण्याचा हेतू असण्याचीही गरज नाही. मात्र मालाच्या मोलाविषयीचे नुसते मत किंवा शिफारस हमी होत नाही. 'ही अतिशय देखणी मोटार आहे' हा अर्थवाद; त्यावर दावा चालत नाही. 'या मोटारीला कधी अपघात झालेला नाही' हे वाक्य तसे नाही. विक्रेत्याने 'आहे त्या स्थितीत' असे लिहून ठेवले, तर न सांगितलेल्या गर्भित हम्या टळू शकतात. पण स्वतःच्या लेखणीने केलेले स्पष्ट विधान त्या शब्दांनी सहसा पुसले जात नाही.

विधान आणि प्रशंसा यांची सीमा नेहमीच इतकी सरळ नसते, हे उघड्या टपाच्या मोटारींच्याच इतिहासात दिसून येते. १९७० नंतर, अमेरिकेतील सुरक्षिततेचे नियम अशा मोटारींवर गदा आणतील या धास्तीने तेथील कारखान्यांनी त्यांचे उत्पादन एकेक करून थांबविले. कॅडिलॅकची १९७६ सालची एल्डोराडो 'शेवटची अमेरिकन कन्व्हर्टिबल' म्हणून गाजली; अगदी अखेरच्या २०० मोटारी एकसारख्या पांढऱ्या रंगात काढण्यात आल्या. लोकांनी त्या ठेव म्हणून घेतल्या. पुढे १९८० नंतरच्या दशकारंभी उघड्या टपाच्या मोटारी परत आल्या आणि १९८४ साठी एल्डोराडोही त्या रूपात पुन्हा निघाली, तेव्हा १९७६ च्या काही धन्यांनी फसवणुकीचा दावा लावला. तो यशस्वी झाला नाही. 'शेवटची' हे विशेषण वस्तूचा गुण सांगते की भविष्याविषयी वचन देते, हा प्रश्न मात्र त्या निमित्ताने उभा राहिला. व्याकरणदृष्ट्या ते क्रमवाचक विशेषण आहे. त्याची सत्यता विशेष्याच्या आत नसते, ती पुढे काय होणार यावर टांगलेली असते.

आता वर्णनाच्या गाभ्याकडे वळावे. कन्येने लिहिलेली तीन वाक्ये मराठीत अशी मांडता येतील : 'टपाचे कापड बदललेले आहे', 'टपाचे कापड बदलले म्हणे', 'टपाचे कापड बदललेले असावे'. तिन्हींत घटना एकच आहे. फरक आहे तो बोलणाऱ्याला ती कशी कळली याचा. पहिल्या वाक्यात बोलणारा घटनेची जबाबदारी स्वतःवर घेतो. दुसऱ्यात ती दुसऱ्या कोणावर सोपवितो. तिसऱ्यात नवे टाके किंवा न पिवळलेली पाठीमागची पारदर्शक खिडकी पाहून तो तर्क करतो. ज्ञानाचा उगम दाखविणाऱ्या या प्रकारासाठी काही भाषांत क्रियापदाची स्वतंत्र रूपेच आहेत. तुर्की भाषेत स्वतः अनुभवलेल्या भूतकालाला एक प्रत्यय आणि ऐकीव वा अनुमित भूतकालाला दुसरा, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मराठीत तशी सक्ती नाही. पण 'म्हणे' हे एका क्रियापदाचे थिजलेले रूप वाक्याच्या अखेरीस येऊन तेच काम इतक्या सहजपणे करते की, बोलणाऱ्याला आपण काही व्याकरणिक कृती करीत आहो याची जाणीवही नसते. 'असावे' मधील विध्यर्थी रूपही असेच अनुमानाच्या सेवेला लागले आहे. प्रमाणशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर प्रत्यक्ष, शब्द आणि अनुमान ही तीन प्रमाणे या तीन वाक्यांत जवळजवळ व्याकरणाच्याच द्वारे उभी राहतात.

इंग्रजीत हे काम करणारा असा एकाक्षरी-द्व्यक्षरी सोयीचा निपात नाही, आणि म्हणूनच मोटारींच्या लिलावात त्या भाषेने जे उपाय काढले ते पाहण्यासारखे आहेत. 'ब्रिंग अ ट्रेलर' च्या वर्णनांत एक ठराविक वाक्यरचना आढळते : अमुक काम झाल्याचे 'सांगितले जाते', 'विक्रेत्याच्या म्हणण्यानुसार' अमुक, मैलमापक अमुक आकडा 'दाखवितो'. ही मोटार ५४ हजार मैल चाललेली आहे असे वाक्य तेथे सहसा येत नाही. मापकावर ५४ हजार दिसतात आणि एकूण अंतर अज्ञात आहे, असे येते. वरवर पाहता ही वकिली सावधगिरी वाटते, आणि ती तशी आहेही. पण तिच्यामुळे प्रत्येक विधानाला त्याच्या उगमाची चिठ्ठी लागते. मापक मध्ये काही वर्षे बंद असू शकतो, बदललेला असू शकतो. त्यावरील आकडा हे प्रत्यक्ष, चाललेले अंतर हे अनुमान. या दोहोंचा संकर झाला की वर्णन बिघडते.

नैयायिकांनी शब्दप्रमाणाचा विचार करताना आप्त कोणास म्हणावे, हा प्रश्न उपस्थित केला. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने दिलेल्या लक्षणाचा आशय असा : ज्याने विषय साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच दुसऱ्याला सांगण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. आप्तत्व जन्मावर किंवा प्रतिष्ठेवर नव्हे, तर ज्ञान आणि सांगण्याची इच्छा यांवर अवलंबून ठेवणारे हे लक्षण अनोळखी माणसांच्या बाजाराला विलक्षण चपखल बसते. आपल्या उदाहरणातील कन्येजवळ दुसरी अट पुरेपूर आहे. पहिली मात्र तुटक तुटक आहे. २०१५ नंतरची देखभाल तिने स्वतः पाहिली, असे धरावे. १९९९ पासूनची तिला वडिलांच्या बोलण्यातून ठाऊक. १९८७ ते १९९९ या बारा वर्षांविषयी वडिलांनाही पूर्वीच्या धन्याने जे सांगितले तेवढेच ठाऊक होते. 'ही मोटार कधी ठोकली गेलेली नाही', असे वडील नेहमी म्हणत. कन्येने ते वाक्य प्रेमाने आणि पूर्ण विश्वासाने जसेच्या तसे उतरविले, तर कायद्याच्या दृष्टीने ते वडिलांचे राहत नाही, तिचे होते. पुढे एखाद्या कारागिराला पुढच्या पंखाखाली जुने जोडकाम आढळले, तर तिचा प्रामाणिकपणा तिला वाचवील असे नाही. 'वडील १९९९ ते २०२१ पर्यंत धनी होते. त्या काळात अपघात झाल्याचे माझ्या पाहण्यात वा ऐकण्यात नाही. त्यापूर्वीचे मला ठाऊक नाही' असे वाक्य लांबलचक आणि कमी आकर्षक आहे. पण ते आप्तवाक्य आहे, आणि जुन्या मोटारींच्या रसिकांत त्यालाच वजन मिळते.

न बोलण्याचाही अर्थ होतो, हा या क्षेत्रातला दुसरा मुद्दा. पॉल ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि १९७५ मध्ये अंशतः प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत संभाषणाचे काही संकेत मांडले. प्रसंगाला आवश्यक तेवढी माहिती द्यावी, हा त्यांपैकी एक. ऐकणारा हा संकेत पाळला जात आहे असे गृहीत धरतो, म्हणून जे सांगितले नाही त्यावरूनही तो अर्थ काढतो. 'उभी केली तेव्हा चालत होती' हे अमेरिकन जाहिरातींतले वाक्य आता विनोदाचा विषय झाले आहे. त्यात असत्य काहीच नाही. आज चालते असे म्हणता आले असते तर ते म्हटले असते, इतकेच. 'वातानुकूलन यंत्रात नुकताच वायू भरला आहे' याचा जाणत्याला ऐकू येणारा अर्थ 'त्यातून वायू गळतो' असा आहे. १०७ मालिकेतील मोटारींना गंज कोठे धरतो हे रसिकांना पाठ असते : पुढील काचेच्या खाली यंत्रकक्ष आणि बैठक यांमधील भिंतीत, जॅक लावण्याच्या जागी, पुढच्या पंखांच्या कडांना. यंत्रातील साखळीच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या वयाने ठिसूळ होतात, हेही त्यांना माहीत असते. तेव्हा चाळीस छायाचित्रांत जॅकच्या जागेचे एकही छायाचित्र नसणे, हे एक विधानच ठरते. आणि साखळीच्या पट्ट्या बदलल्याची कारागिराची पावती नुसती दाखविली, तरी पुष्कळ विशेषणे वाचतात. धातूचे छप्पर वर्षानुवर्षे चढवून ठेवलेले असेल, तर आतल्या कापडी टपाला कायमच्या घड्या पडतात. टप उघडताना आणि मिटताना दाखवणारे चलच्चित्र नसेल, तर टपाविषयी प्रश्न येणारच.

ग्रेगरी लुइस यांनी २०११ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू' मध्ये ईबेवरील मोटारींच्या लिलावांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्ष या संदर्भात महत्त्वाचा आहे. विक्रेत्याने जाहिरातीत प्रकट केलेली माहिती, म्हणजे छायाचित्रे आणि मजकूर, यांचा किमतीशी ठळक संबंध असतो, आणि अशी माहिती देणे स्वस्त व सुलभ झाले की ॲकरलॉफ यांनी वर्णिलेली अडचण सौम्य होते, असे त्यात दाखविले आहे. जाहिरातीतील वर्णन हा एक प्रकारचा करारच असतो, ही त्यामागची भूमिका. म्हणजे दोष लपविणाऱ्यापेक्षा दोष दाखविणाऱ्याचे नुकसान होते, हा बैलबाजारातल्या हेड्याचा समज येथे सरसकट लागू पडत नाही. काचेवरचा लहानसा तडा जवळून टिपलेला दिसला, की पाहणाऱ्याला न टिपलेल्या जागांविषयीही भरवसा वाटू लागतो.

बोलीच्या बाजूविषयी थोडक्यात. बोली हे केवळ विधान नसते, ती कृती असते. 'वाक्याने कृती करणे' या कल्पनेचा जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत विस्तार केला. ती व्याख्याने १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. परंतु बोली ही कोणती कृती, याचा निर्णय इंग्लंडमधील न्यायालयाने १७८९ सालीच 'पेन विरुद्ध केव्ह' या खटल्यात दिला होता : बोली हा प्रस्ताव आहे, हातोडा पडणे हा स्वीकार, आणि हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. भारतातील १९३० च्या मालविक्री अधिनियमाच्या ६४ व्या कलमातही हेच तत्त्व असून विक्री हातोड्याने 'किंवा अन्य रूढ रीतीने' पूर्ण होते, असे शब्द आहेत. संगणकावर हातोडा नाही. त्याची जागा घड्याळाने घेतली आहे. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी थांबते, त्यामुळे गिऱ्हाइके शेवटच्या काही सेकंदांपर्यंत गप्प बसतात. ॲमेझॉनच्या त्या वेळच्या लिलावांत शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटे शांत गेल्याशिवाय लिलाव संपत नसे, आणि तेथे अखेरच्या क्षणी बोली लावण्याची प्रवृत्ती पुष्कळच कमी होती. अल्विन रॉथ आणि आक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ही तुलना प्रसिद्ध केली. 'ब्रिंग अ ट्रेलर' वरही शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते. 'एक वार, दोन वार, तीन वार' हा पुकारा यंत्राने असा आत्मसात केला आहे.

विक्रेत्याने मनात ठरविलेल्या किमान किमतीला आपल्याकडील सरकारी लिलावांच्या भाषेत 'हातची किंमत' असा सुरेख शब्द आहे. हातची ठेवायची की नाही, हा त्या कन्येपुढचा अखेरचा प्रश्न. 'हातची किंमत नाही' असे जाहीर केल्याने बोली लावणाऱ्यांचा उत्साह वाढतो, पण त्या तीन शब्दांनी विक्रेता बांधला जातो. 'बॅरी विरुद्ध डेव्हिस' या इंग्लंडमधील खटल्यात मोटारीची यंत्रे तपासण्याची दोन नवी उपकरणे अशा अटीवर लिलावात निघाली. दोन्हींना मिळून एकाच माणसाने, प्रत्येकी २०० पौंडांची, बोली लावली. किंमत फारच कमी म्हणून लिलाव करणाऱ्याने ती मागे घेतली. २००० साली अपील न्यायालयाने त्या माणसाला २७,६०० पौंड भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. बैलबाजारात उपरण्याखाली बोटे धरून करपल्लवीने चालणाऱ्या सौद्यात किंमत दोघांपुरतीच राहते आणि शब्द तर उच्चारलाच जात नाही. तेथे असा खटला उभा राहणे कठीण. संगणकावरील लिलावात याच्या नेमके उलट घडते. बोली लावणाऱ्याचे खरे नाव झाकलेले असते, पण प्रत्येक आकडा, प्रत्येक प्रश्न आणि त्याचे प्रत्येक उत्तर सर्वांसमोर लिहिलेले असते.

आणि ते लिहिलेलेच राहते. लिलाव संपल्यावर वर्णन, छायाचित्रे आणि अंतिम किंमत ही सामान्यतः जागेवर ठेवली जातात. दहा वर्षांनी तीच ५६० एसएल पुन्हा विक्रीस आली, तर त्या वेळचा धनी या कन्येने लिहिलेल्या मजकुराचा आधार घेईल. तिने 'पाहिले' असे लिहिले होते, ते त्याच्या वर्णनात 'पूर्वीच्या धन्याने सांगितल्याप्रमाणे' असे येईल. तिने 'ठाऊक नाही' असे लिहिलेल्या पहिल्या बारा वर्षांच्या जागी त्यालाही तेच दोन शब्द लिहावे लागतील.